भाषेची चौकशी खिडकी

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की आमच्या दुकानात मराठी भाषा गौरव दिनाचे फ्लेक्स, होळीची पत्रकं आणि मराठीच्या काळजीने व्याकूळ झालेले काका असे तिन्ही एकदमच येतात. फ्लेक्सचे पैसे मिळतात, पत्रकांचे उशिरा का होईना मिळतात, काळजी मात्र फुकटात ऐकावी लागते. ठाण्याच्या नौपाड्यात डीटीपी आणि बोर्डांचं दुकान चालवायचं तर हे धरूनच चालायचं.

यंदाचे काका निवृत्त बँक अधिकारी. ज्येष्ठ नागरिक संघाचं पत्रक घेऊन आले होते आणि प्रूफ वाचता वाचता सुरू झाले. “आपल्याकडे भाषेला वाली नाही बघा ताई. फ्रान्समध्ये कशी अकादमी आहे! एक परका शब्द आत येऊ देत नाहीत. आपल्या देशालाही असं अधिकृत मंडळ पाहिजे. चुकीचं लिहिलं की दंड!”

दंड लागला तर पहिली पावती त्यांच्याच पत्रकाची फाटेल, हे मी बोलले नाही. गिऱ्हाईक आहे. शिवाय काकांचा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता. दिवसभर दुसऱ्यांचं मराठी टाइप करणारीला हा प्रश्न कुणाहीपेक्षा जास्त पडतो. फक्त माझं उत्तर काकांच्या उत्तरापासून बरंच लांब जातं, म्हणून इथे लिहितेय.

आधी ती फ्रेंच अकादमी. कार्डिनल रिशेल्यू या फ्रान्सच्या मंत्र्याने १६३५ साली तिला राजमान्यता मिळवून दिली. चाळीस सभासद, त्यांना ‘अमर’ म्हणतात, हिरव्या भरतकामाचा अंगरखा आणि कमरेला तलवार. थाट बघितला तर काकांचा समज होणं साहजिक आहे. पण कामाचा वेग बघा. त्यांच्या शब्दकोशाची नववी आवृत्ती १९८६ पासून भागाभागाने निघू लागली आणि पूर्ण झाली नोव्हेंबर २०२४ मध्ये. एवढ्या काळात मी शाळा संपवली, दुकान काढलं, ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढण्यापासून थेट मोबाइलवर प्रूफ पाठवण्यापर्यंत आले. मे २०२० मध्ये या अकादमीने सांगितलं की ‘कोविड’ हा शब्द स्त्रीलिंगी धरा, कारण मुळात तो एका आजाराच्या नावाचा संक्षेप आहे आणि फ्रेंचमध्ये आजार स्त्रीलिंगी. तोपर्यंत लोक त्याला पुल्लिंगी करून मोकळे झाले होते, आणि बहुतेकांनी ते तसंच चालू ठेवलं. अकादमीने काय केलं? काही नाही. तिच्या हातात कुणाला दंड करायचा अधिकारच नाही.

दंडाचा कायदा फ्रान्समध्ये आहे, पण तो वेगळा. १९९४ चा, तूबों नावाच्या मंत्र्याच्या नावाने ओळखला जाणारा. जाहिरात, मालावरची माहिती, नोकरीचे करार फ्रेंचमध्ये असले पाहिजेत, असा. गंमत म्हणजे त्याच कायद्यात सरकारने ठरवलेले शब्द खाजगी माणसांनीही वापरलेच पाहिजेत असं कलम घातलं होतं, ते तिथल्या घटना परिषदेने उडवलं. सरकारने स्वतःच्या कचेऱ्यांना शब्द ठरवून द्यावेत, नागरिकाने कुठल्या शब्दात बोलावं हे सांगू नये, असा निकाल. म्हणजे काका ज्या देशाचा दाखला देतात तिथेच काकांची योजना नापास झालेली आहे.

आता आपल्याकडे या. ‘देशाला एक मंडळ’ हे तर आपल्याकडे बोलायचीही सोय नाही. घटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. हिंदीचा प्रसार करणं हे केंद्राचं कर्तव्य म्हणून ३५१ व्या कलमात लिहिलेलं आहे, शास्त्रीय परिभाषेसाठी १९६१ पासून केंद्राचा आयोग आहे, पण कानडी वेलांटीचा निकाल दिल्लीत लागेल आणि तो बेळगावात कुणी मानेल असं समजणाऱ्याने आधी बेळगावला जाऊन यावं. तेव्हा प्रश्न राज्याचा. आणि राज्यात आपल्याकडे मंडळांची अजिबात वाण नाही. भाषा संचालनालय १९६० पासून आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळ आहे, विश्वकोशाचं मंडळ आहे, राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे, मंत्रालयात मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला आता मराठी भाषेचं विद्यापीठ झालं. एवढे वाली असलेली भाषा पोरकी कशी म्हणायची?

तरी माझ्या दुकानात एक प्रश्न रोज अडतो, आणि तो या सगळ्यांपैकी कुणाला विचारायचा ते मला कळत नाही.

२०२२ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. आधी दहापेक्षा कमी माणसं असलेली छोटी दुकानं मराठी पाटीच्या सक्तीतून सुटत होती, ती वाट बंद झाली. शिवाय मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत अशी अट आली. व्यापारी कोर्टात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. खटला मुंबईच्या दुकानदारांचा, पण धावपळ ठाण्यातही झाली. गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका, कुठे कुठे म्हणून बोर्ड केले! वागळे इस्टेटमधला आमचा फ्लेक्सवाला रात्री अकरा वाजता फोन उचलून “ताई, मशीन तापलंय” म्हणायचा. धंदा झाला, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसांत एक मेडिकलवाला भाऊ आला. कच्छी, पण ठाण्यातच वाढलेला, मराठी माझ्यापेक्षा चुरचुरीत. मी विचारलं, “भाऊ, शेजारच्या डॉक्टरांचं नाव पण घालायचंय ना? ‘क्लिनिक’ कसं लिहू?”

“तुम्ही म्हणाल तसं ताई. फक्त साहेब आला तर बोलला नाही पाहिजे.”

“साहेब अक्षराची उंची बघणार, वेलांटी नाही बघत.”

“मग उंची द्या.”

उंची दिली. वेलांटीचं काय? आमच्या दुकानापासून तलावपाळीपर्यंत चालत गेलात तर क्लिनिक, क्लिनीक आणि क्लीनिक असे तिन्ही अवतार वाटेत भेटतात. आता नियम काय सांगतो? मराठी शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ: गरीब, वकील, फूल, तूप. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र मुळाप्रमाणे: गुण, विष, मंदिर. इंग्रजी शब्द कुठल्या रांगेत उभा करायचा? ‘गरीब’ आणि ‘वकील’ हे अरबीतून आलेले, ते मराठीच्या रांगेत मुकाट बसले. मग ‘क्लिनिक’ने काय घोडं मारलंय, त्यालाही ‘क्लिनीक’ करा. पण तसं लिहिलं तर डॉक्टर चिडतात. ‘प्लॅस्टिक’चं ‘प्लॅस्टीक’ केलं तर मलाच कसंतरी होतं. का होतं ते मला सांगता येतं, पण कुणाला दाखवता येत नाही. दाखवायला कुठे अधिकृत उत्तर लिहिलेलं सापडत नाही.

याहून बारीक एक भानगड आहे, ती बाहेरच्या माणसाला दिसतही नाही. ‘हॉस्पिटल’मधला ‘हॉ’. संगणकात यासाठी एकच चिन्ह आहे, काना आणि डोक्यावर चंद्र एकत्र. पण पुष्कळ जण आधी काना टाइप करतात आणि मग त्याच्यावर अॅ-चा सुटा चंद्र देतात. डोळ्याला दोन्ही जवळपास सारखे दिसतात. बोर्डावर कधी चंद्र अर्धा दोरा उजवीकडे सरकतो, एवढंच. पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका ट्रस्टचा वार्षिक अहवाल आमच्याकडे आला होता, चार जणांनी टाइप केलेला. त्यात ‘हॉल’ शोधून ‘सभागृह’ करायचं होतं. सगळे बदलले असं वाटलं आणि छपाईच्या आदल्या रात्री निम्मे ‘हाॅल’ जसेच्या तसे. तसंच ‘ऱ्य’चं. अर्धा र लिहायच्या दोन पद्धती आहेत, कागदावर अगदी एक, पोटात वेगळ्या. लग्नाच्या हिशेबात आचाऱ्यांना किती आणि आचार्यांना किती हा फरक मराठी माणसाला जन्मजात कळतो. यंत्राला तो आपणच नीट सांगावा लागतो, आणि सगळ्यांनी एकाच रीतीने सांगावा लागतो.

म्हणून मला काकांसारखं एकदम “मंडळ पाहिजे” म्हणता येत नाही आणि माझ्या भाचीसारखं “भाषा वाहती असते, सोडून द्या ना मावशी” असंही म्हणता येत नाही. भाची वाशीला जाहिरात कंपनीत आहे. तिचं म्हणणं, इंग्रजीला कुठे अकादमी आहे? खरं आहे, नाही. जोनाथन स्विफ्टने १७१२ साली तशी मागणी केली होती, कुणी ऐकली नाही. मग १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनने शब्दकोश काढला आणि त्याच्यावर भागलं. पण इंग्रजीला अकादमी लागली नाही कारण इंग्रजीत कोश काढून विकणं हा पोट भरण्याइतका धंदा होता आणि आहे. एक कंपनी चुकली तर दुसरी बसलेलीच आहे. मराठीत असा बाजार कुठे आहे? आमच्या टेबलावरचा शुद्धलेखनाचा कोश पानं सुटून रबर बँडमध्ये आहे. नवा घ्यायचा म्हटलं तर त्याच कोशाची नवी प्रत घ्यायची.

आणि “सोडून द्या” म्हटलं म्हणून भाषा मोकळी राहते असंही नाही. आज सर्वात जास्त मराठी कोण लिहून घेतं? मोबाइलचा कीबोर्ड. लोक इंग्रजी अक्षरांत काहीतरी बडवतात आणि वर जे तीन पर्याय येतात त्यातला पहिला दाबतात. पहिला पर्याय ऱ्हस्व आला की ऱ्हस्व, दीर्घ आला की दीर्घ. आमच्याकडे येणारा निम्मा मजकूर व्हॉट्सॲपवरून येतो आणि कुठली चूक माणसाची, कुठली कीबोर्डची, हे मला आता वासावरून कळतं. ‘ॲ’ या अक्षराला जगाच्या संगणकांत स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, युनिकोड नावाच्या संस्थेने दिली तेव्हा, आणि तिचं ऑफिस कॅलिफोर्नियात आहे. मंडळ नको म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की मंडळ आहेच. आपण त्यात असायचं की नाही एवढाच प्रश्न.

सरकारने काही केलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय आहे, मराठीसाठी देवनागरी अक्षरं कशी असावीत त्याचा. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’, म्हणजे आपण शाळेत गिरवले ते, हे त्यात ठरवून दिलेलं आहे. २०२२ मध्ये तो सुधारूनही निघाला. काम चांगलं. पण आमच्या संगणकावर मराठी बोर्ड करायला घेतला की अक्षरं उमटतात ती हिंदी वळणाची. काही चांगल्या फाँटमध्ये मराठी वळण पोटात असतं, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा म्हणून ‘मराठी’ निवडली तरच ते बाहेर येतं. ही खुबी किती डीटीपीवाल्यांना माहीत आहे? आमच्या ऑपरेटरला मी शिकवली, तो दिवा गावात राहतो, त्याने तिथल्या एकाला शिकवली. शासन निर्णय असा माणसामाणसांतून लोकलने पसरतोय.

उलट जे नियम खरोखर रुजले ते बघा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तिथे एखादं स्वातंत्र्यापूर्वीचं पुस्तक उघडा. नांव, घरांत, तें, केलें, पानोपानी टिंबं. उच्चारात नसलेली ही टिंबं शब्दाच्या जुन्या वंशावळीसाठी द्यावी लागत. साहित्य महामंडळाने नियम केले, १९६२ मध्ये सरकारने त्यातले चौदा मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार घातले. टिंबं गेली. ‘कवि’चा ‘कवी’ झाला, ‘गुरु’चा ‘गुरू’. त्या वेळी पुष्कळ विद्वान खवळले होते, आजही काही खवळतात. पण नियम टिकले. कुणाला दंड करून टिकले नाहीत. शाळेच्या पुस्तकांत तसं छापलं, परीक्षेत तसं तपासलं, आणि मुख्य म्हणजे लिहिणाऱ्याचं ओझं कमी झालं. टिंब काढायला सांगितलं तर लोक ऐकतात. नवं टिंब द्यायला सांगून बघा.

याच नियमांत एक असंही आहे की ‘असं केलं, मी म्हटलं’ ही बोलण्यातली रूपं पात्राच्या तोंडी असतील तरच लिहावीत, एरवी ‘असे केले, मी म्हटले’. म्हणजे तुम्ही वाचताय तो अख्खा लेख बेकायदा आहे. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्याही बेकायदा आहेत. कुणी पकडलं नाही, कुणाचं अडलं नाही. नियम अशा वेळी हळूच म्हातारा होतो आणि नियमांच्या पुस्तकात मात्र तरुण राहतो, कारण बदलायला कुणी बसतच नाही.

जर्मनांनी हेच काम मोठ्या इरेला पेटून केलं. १९९६ मध्ये शुद्धलेखन सुधारलं, आणि देश दुभंगला. लेखकांनी निषेध केला, एका राज्यात १९९८ साली लोकांनी मतदान करून सुधारणा फेटाळली, फ्रांकफुर्टच्या एका मोठ्या दैनिकाने २००० मध्ये सरळ जुनं लेखन पुन्हा सुरू केलं. शेवटी २००४ मध्ये वेगळी परिषद नेमून २००६ पर्यंत थोडं तुझं थोडं माझं करावं लागलं. पण या भांडणात त्यांच्या घटना न्यायालयाने १९९८ मध्ये जे सांगितलं ते मला पटतं: शाळेत काय शिकवायचं ते सरकार ठरवू शकतं, शाळेबाहेरच्या माणसाने कसं लिहावं याची सक्ती नाही. फ्रान्सच्या निकालासारखाच सूर. मी रेघ तिथेच ओढेन.

कारण रेघ पुढे सरकली की काय होतं याचा नमुना माझ्याच दुकानात आहे. मागच्या लगीनसराईत विटाव्याची एक मुलगी हळदीचं कार्ड करायला आली. आगरी घर. विटावा, कळवा, ऐरोली, घणसोली या पट्ट्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठा कार्यक्रम, त्याचं कार्ड वेगळं, बॅनर वेगळा, डीजेवाल्याचं नाव वेगळं. तिने वहीत लिहून आणलं होतं, वर मोठ्या अक्षरात ‘हलद’. आमच्या ऑपरेटरने सवयीने ‘हळद’ केलं. तिने प्रूफ बघितलं आणि परत दिलं.

“दादा, ळ काढा. आमची हलदच आहे.”

“अगं, पण चूक दिसेल.”

“कोणाला?”

ऑपरेटर माझ्याकडे बघायला लागला. आगरीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, हे सगळ्या ठाण्याला माहीत आहे. तिच्या हळदीला येणाऱ्यांपैकी एकालाही ते चूक दिसणार नव्हतं. कार्ड ‘हलद’ असंच गेलं आणि ठसठशीत दिसलं. आता विचार करा, काकांचं मंडळ दंडाची पावतीपुस्तकं घेऊन फिरतंय. पहिला बळी कोण? इंग्रजाळलेला मॉल नव्हे. त्याच्याकडे वकील असतो. पहिला बळी ही पोरगी. भाषेचा पोलीस ठेवला की तो आपल्यातल्याच गरिबाला आधी हटकतो. प्रमाण मराठी ठरली तेव्हाच कुणाची बोली वर बसली आणि कुणाची खाली, हे कोळीवाड्यात आणि आगरी गावांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तर माझं म्हणणं असं. मला अधिकार गाजवणारं मंडळ नको. मला उत्तर देणारी खिडकी पाहिजे.

हे स्वप्नरंजन नाही. इटलीतल्या फ्लोरेन्सला क्रुस्का नावाची अकादमी आहे, १५८३ ची, म्हणजे फ्रान्सच्याही आधीची. क्रुस्का म्हणजे कोंडा, आणि पीठ चाळून कोंडा वेगळा करायचं यंत्र हे तिचं बोधचिन्ह. नावाप्रमाणे अगदी सोवळी असेल असं वाटतं. २०१६ मध्ये फेरारा भागातल्या एका प्राथमिक शाळेतल्या मुलाने फुलाचं वर्णन करताना स्वतःच्या मनाने एक शब्द बनवला, भरपूर पाकळ्या असलेलं, अशा अर्थाचा. बाईंनी चूक दिली, पण सुंदर चूक म्हणून, आणि पोराचं पत्र अकादमीला पाठवायला लावलं. अकादमीने उत्तर पाठवलं: शब्द नियमाला धरून बनलेला आहे, छान आहे, पण तो कोशात यायला तू एकट्याने वापरून भागणार नाही, पुष्कळ लोकांनी वापरायला हवा आणि त्यांना तो समजायला हवा. बस. एवढ्याशा पत्रात शब्द कसा बनतो आणि भाषेत कुणाचं चालतं हे दोन्ही आलं. स्पेनची अकादमी १७१३ ची, तीही लोकांच्या शंकांना समाजमाध्यमांवर रोज उत्तरं देते. कुणी हॉटेलच्या मेनूकार्डातलं विचारतं, कुणी प्रेमपत्रातलं. पटलं तर घ्या, नाही तर सोडा, पण विचारलं की उत्तर येतं.

आपल्याकडची खिडकी अशीच साधी असावी. विचारायला एक नंबर आणि एक व्हॉट्सॲप. पलीकडे मराठी जाणणारी चार-पाच पगारी माणसं, मानद नव्हेत, मानद माणसाला फोन उचलायची सक्ती नसते. विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर सगळ्यांना बघता येईल असं साठवलेलं, म्हणजे ‘क्लिनिक’चा निकाल एकदाच लागेल. शब्दांची लेखनासहित यादी फुकट उतरवून घेता येईल अशी, म्हणजे कीबोर्ड बनवणाऱ्यालाही “आम्हाला माहीत नव्हतं” म्हणता येणार नाही. पाकळीचा ‘ल’ पोटात ठेवून न लपवणारे दोन-चार फाँट. आणि कॅलिफोर्नियातल्या बैठकीला दरवेळी एक माणूस, झोपेच्या वेळी का होईना.

सक्ती करायची हौस असेल तर ती सरकारने स्वतःवर करावी. एका कार्यालयाचं नागरिकांसाठीचं माहितीपत्रक आमच्याकडे छपाईला आलं होतं. त्यात “सदरहू प्रयोजनार्थ विहित नमुन्यात अर्ज सादर करणे अनिवार्य राहील” असं वाक्य होतं. मी विचारलं, “हा छापील अर्ज भरून द्या” असं लिहू का? समोरच्या साहेबांनी असं बघितलं, जणू मी शिवी दिली. कायदा, दंड, तपासणी, सगळं तिथे लावा. जनतेला कळेल असं लिहिलं नाही की कागद परत. माझी ना नाही.

हे मी काकांना सांगितलं, अर्थात एवढं सगळं नाही, पत्रकाची प्रत निघेपर्यंत जेवढं बसलं तेवढं. त्यांचं म्हणणं, “धाकाशिवाय ऐकत नाही हो आपला माणूस.” मी म्हटलं, टिंबं धाकाने गेली का? ते म्हणाले, “तो काळ वेगळा होता.” त्यावर काय बोलणार? त्यांनी पत्रकं मोजून घेतली, अगदी एकेक. बँकेतला माणूस.

खिडकी कुठे उघडायची ते ज्यांचं त्यांनी बघावं. रिद्धपूरच्या विद्यापीठात उघडा, मंत्रालयात उघडा, वाशीला एखाद्या गाळ्यात उघडा, बोर्ड मी ना नफा तत्त्वावर करून देईन. वेळेचं तेवढं बघा. दुपारी एक ते चार बंद ठेवणार असाल तर काकांचं दंडवालं मंडळ परवडलं.